माझा डावा कान जळकोटला गेला

अगं शैला, ये, अशी जवळ सरक. तिकडं उंबऱ्यात काय बसतीस पाहुण्यासारखी? सख्खी भाची ना तू माझी, आणि वर्षभर तोंड दाखवलं न्हाईस! घरात एवढं रामायण झालं, तुला पत्ता न्हाय. आता गप ऐक. गेल्या माघात माझा डावा कान जीपमधी बसून जळकोटला गेला आणि मी इथं ओसरीवरच राहिले.

डोळे कशाला मोठे करतीस? कान म्हंजे ऐकायचं मशीन. सोलापूरच्या डॉक्टरनं दिलेलं. रंग कसला, तर तुरीच्या शेंगेतल्या अळीचा! मी ते पदराखाली दडवायची. मग आमच्या पल्लवीनं (थोरल्याची लेक, लई उद्योगी) ते हातात घेतलं. "आजी, चष्म्याला लोक हौसेनं फ्रेम निवडतात, मग कानानंच काय घोडं मारलंय?" असं म्हणत तिनं त्याला मोरपंखी नेलपॉलिश फासलं, आवाजाची भोकं तेवढी मोकळी सोडली, वर लाल खडे चिकटवले, खाली मोत्यांचा झुबका लावला. आरशात बघितलं आणि मी गार! बहिरी म्हातारी गेली, बुगडीवाली पाटलीण आली!

त्याच आठवड्यात पल्लवीला बघायला जळकोटचे पाहुणे आले. पोरगा शिकलेला, पल्लवीच्या मनात भरलेला, पण डोक्यावरची टोपी काही काढीना. मी सगळ्यांना दम भरला, "मशीनचं नाव काढायचं न्हाय! घराण्यात बहिरेपण हाय म्हणून उठून जातील. कुणी इचारलं तर बुगडी म्हणायचं."

"आजी, लपवायला रंगवलं का मी?" पल्लवी म्हणाली. (तिचं कोण ऐकतंय!)

पोहे आले आणि पोराच्या आजीची नजर माझ्या कानावर खिळली.

"बुगडी लई झ्याक हाय की ओ! कुठं घडवली?"

"तुळजापूरला," मी ठोकून दिलं.

"बघू, घालून बघते."

आता आपल्याकडची रीत तुला ठावं. बायका बसल्या की एकमेकींचे दागिने घालून बघणार, आणि पोराकडच्यांना तर न्हाय म्हणायचंच न्हाय. दिलं बाई काढून! आणि माझ्यापुरतं जगच बंद पडलं.

पुढं सगळं मुकं नाटक. त्यांनी मशीन कानात खुपसलं मात्र, पोराच्या मामाच्या हातातली ताटली उडाली, मांजर खिडकीतून पळालं! (मशीननं कुंईऽऽ करून शिट्टी मारली होती म्हणे.) मग आजीबाईंनी हातातल्या बांगड्या हलवल्या, पुन्हा हलवल्या आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, बुगडी लईच आवडली!

तेवढ्यात मी सूनबाईच्या कानाशी लागून एक गोष्ट हळूच विचारली. सून पांढरीफटक! पाहुणे पोट धरून हसायला लागले, म्हणून मीबी हसले. मग आजीबाईंनी माझा हात धरून काहीतरी विचारलं. मी मान डोलावली, "व्हय, व्हय! तुमचंच घर हाय!" जीप निघाली. मी हात हलवला.

मागं वळले तर पल्लवी डोक्याला हात लावून खाली बसलेली. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दाखवलं : 'त्यांनी विचारलं, हे चार दिवस नेऊ का. तू व्हय म्हणालीस!'

कान गेला, तोबी माझ्याच तोंडानं!

चार दिवस मशीन न्हाय, निरोप न्हाय. पल्लवी जेवीना. माझ्या थापेपायी पोरीचं स्थळ गेलं म्हणून मी देवापुढं बसून रडले. पाचव्या दिवशी पोरगाच आला आणि मशीन माझ्या हातात दिलं. मी घाईनं कानात घातलं.

"आजी, होकार सांगायला आलोय. आमच्या आजीला कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही समजायचो ती रागानं ओ देत न्हाय! आता तिला मशीन घेतलंय. जांभळं रंगवून पाहिजे म्हणतीय, पल्लवीकडूनच."

मी कपाळ बडवलं. "म्हंजे त्या शिट्टीनं माझं बिंग फुटलं?"

"शिट्टीनं न्हाय, आजी." त्यानं टोपी काढून डोकं माझ्यापुढं वाकवलं. "हे बघा, पुढून थोडे केस गेल्यात. 'पोरगं टकलं हाय का गं?' हे तुम्ही हळूच विचारलंत ना, ते बाहेर जीपच्या ड्रायव्हरनंबी ऐकलं!"

तर शैला, लग्न वैशाखात हाय. त्याच्या आधी एकदा सवडीनं ये बाई. तुला एक खाजगीतलं सांगायचंय. पण ते रानात नेऊन सांगीन. इथं तुझ्या कानात सांगितलं, तर तुझ्याआधी तुळजापूरच्या स्टँडवर पोचंल!