बावीस निलगिरींचा बाप

आमच्या आमलीच्या चाळीत भगवंतभाऊंना सगळे माळीबुवा म्हणतात. मी 'बावीस जणींचा बाप' म्हणते. मूळचा शिरपूरचा माणूस, नरोलीच्या एका कारखान्यात माळी; मीही तिथेच कामाला. चौदा वर्षांपूर्वी फाटकालगत त्यांनी बावीस निलगिरी लावल्या. दुपारी वास दरवळला की म्हणतात, "झाडांना घाम आला." घरात पुतळावहिनींना आलेला घाम मात्र त्यांना कधी दिसला नाही, हे मी तोंडावर सांगितलंय.

यंदा मार्चमध्ये फाटकाशी हवा मोजायचं यंत्र बसलं. दुपार चढली की ओझोनचा आकडा चढायचा. मे महिन्यात कारखान्यात हवेचं काम बघणाऱ्या नाशिकच्या सुवर्णा मॅडमनी मीटिंगमध्ये समजावलं: उन्हाळ्यात पानांतून वाफा निघतात, त्या ट्रकच्या आणि बॉयलरच्या धुराला भेटतात, आणि उन्हात त्यातून ओझोन तयार होतो. तो छातीला वाईट. मोठ्या साहेबांनी अर्धंच ऐकलं. "झाडं काढा. सोमवारी."

भाऊंनी काय करावं? तीन दिवस पहाटे पाइप लावून पानं धुतली! आतून निघणारी वाफ अशी धुऊन जाते होय?

"भाऊ, शाम्पू देऊ का?" मी विचारलं.

एरवी टोमणा सव्याज परत करणारा माणूस, पाइप ओढत पुढच्या झाडाकडे गेला.

आकडा काही हलला नाही. शनिवारी कारखान्याला सुट्टी. बॉयलर थंड, ट्रक नाहीत. भाऊ डबा घेऊन यंत्रासमोर जाऊन बसले. ऊन तेच, झाडं तीच, वासही तोच. आकडा मात्र रोजच्या निम्म्यावर थांबला.

सोमवारी करवतवाले फाटकात आणि भाऊ शनिवारचा आकडा घेऊन मॅडमच्या दारात.

"मॅडम, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, बिघडले दोघं, आणि मार एकट्या पवळ्याला?"

मॅडमनी आधीच्या सगळ्या सुट्ट्यांचे आकडे काढले. दर सुट्टीला तेच. करवतवाले परत गेले. रांगेतल्या ट्रकनी इंजिन बंद ठेवायचं, असा नियम झाला. तो पाळून घ्यायचं काम भाऊंचं.

"मग झाडं निर्दोष सुटली म्हणायची?" मी टोचलं.

"नाही ताई. घाम त्यांचाच आहे. पण आता धूर कमी भेटतो."

काल दारात स्कूटी चालू ठेवून मी पुतळावहिनींकडे माझ्या सासूचा विषय काढला. विषय मोठा. भाऊ आले, चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "आता बोला निवांत."