दोन्ही हात जोडले आणि बाबागाडी सुटली

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. कम्युनिटीवरच्या आयांनो, हे वाचाच.

बाळंतपणात सुटलेलं धावणं मी या महिन्यात पुन्हा सुरू केलंय. घरी मदतीला कुणी नाही, म्हणून दोन वर्षांच्या ईशानला बाबागाडीत बसवून इथल्या सुखना तलावावर नेते. गाडी ढकलत धावताना हात हलवता येत नाहीत, पाऊल आखूड पडतं. आत्ता कुठे जमायला लागलं होतं.

आज धावून घरी निघाले, तर पार्किंगकडच्या उतारावर समोरून नवऱ्याच्या सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांच्या मिसेस आल्या. सहा वर्षं फौजी घरात काढल्यावर मॅडम दिसल्या की हात आपोआप जुळतात. "गुड मॉर्निंग, मॅम!" म्हणत मी दोन्ही हात जोडले.

ब्रेक लावलाच नव्हता. गाडी सुटली. मी जीव खाऊन धावले, पण ती माझ्या पुढेच. खाली मोटारी वळत होत्या.

एका म्हाताऱ्या सरदारजींनी मधे येऊन गाडी धरली. म्हणाले, "बेटा, नमस्ते इक हथ नाल वी हो जांदी ऐ." म्हणजे, नमस्ते एका हातानंही होतं.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. ईशान टाळ्या वाजवत होता. "मम्मा, फिर से!"

आता ओढणीचं एक टोक दांड्याला बांधलंय, दुसरं मनगटाला बांधणार. तरी डोळे मिटले की माझे जोडलेले हात दिसतात.

खरं सांगा, तुमच्या हातून कधी मूल असं सुटलंय?