मनगटाची पट्टी

परवा बारशाला माझी धाकटी जाऊ मनगटाला पांढरं क्रेप बँडेज गुंडाळून आली आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांत एकच गडबड उडाली. "अगं बाई, काय झालं? खाली नको बसूस. खुर्ची आणा रे कुणीतरी!" खुर्ची आली, पाठीला उशी आली, पाळण्याजवळची जागाही मिळाली.

मी बघतच राहिले. तिचे सांधे गेली कित्येक वर्षं आतून ठणकताहेत. वेणी घालायला हात वर जात नाहीत. मागच्या हळदीकुंकवाला तिने खुर्ची मागितली, तेव्हा याच बायका म्हणाल्या होत्या, "दिसतेस तर चांगली टवटवीत! सारखा मोबाइल, बाहेरचं खाणं, मग दुखणारच. आमच्या वेळी जात्यावर दळायचे!" यांच्यातल्या एकीने तरी जात्याला हात लावलाय का? गिरणीत डबा पाठवणाऱ्या बायका या! आणि समजा, मोबाइलमुळेच आलं दुखणं, तर ते काय कमी दुखतं? कुणाच्या पायाला प्लास्टर दिसलं की शहाळी घेऊन धावायचं आणि दिसत नाही त्या दुखण्याला अक्कल शिकवायची. आपल्याला कळवळा येण्यासाठीसुद्धा पुरावा लागतो.

जेवताना मी तिला हळूच विचारलं, "मनगट फार दुखतंय का गं?"

"नाही हो ताई," जिलबीचा तुकडा मोडत ती शांतपणे म्हणाली, "आज तेवढंच एक दुखत नाहीये. म्हणून तर तिथे बांधलं."