वरचा सर्व्हर कोणता?

"झालं का, सर?" सुनीताने तलासरीहून फोनवर विचारलं.

"झालं. उडवलं."

"मग इथे अजून सत्त्याण्णव टक्के का दाखवतंय?"

मी तलासरीचं उडवलंच नव्हतं.

मी एका धर्मादाय संस्थेच्या रक्ततपासणी केंद्रांचे कॉम्प्युटर सांभाळतो. केंद्रं दोन, एक डहाणूला आणि एक तलासरीला. दोन्हीकडे एकेक सर्व्हर आहे, म्हणजे सगळे रिपोर्ट साठवणारा कॉम्प्युटर. मी डहाणूच्या ऑफिसात बसून दोन्हींवर काम करतो. काळी खिडकी उघडायची, लॉगिन करायचं आणि हुकूम टाइप करायचे. त्या खिडकीत चित्रं नसतात आणि कचऱ्याची टोपलीही नसते. उडवलेली फाइल परत येत नाही.

त्या दिवशी सकाळी तलासरीचं केंद्र सांभाळणाऱ्या सुनीताचा फोन आला होता. "सर, वरच्याची डिस्क भरत आलीये. कॅम्पचं फोल्डर उडवा. खाली त्याची कॉपी आहेच."

त्या फोल्डरमध्ये गावोगावच्या शिबिरांतले सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचे रिपोर्ट होते. एकूण सहाशे बारा, बहुतेक शाळेतल्या मुलांचे आणि गरोदर बायकांचे.

माझे वडील रेल्वेत होते. आमच्या घरी मुंबईकडची दिशा म्हणजे अप, आणि अप म्हणजे वर. दोन सर्व्हरपैकी मुंबईच्या बाजूचा डहाणूचा. म्हणून मी डहाणूचं फोल्डर उडवलं. सुनीता रानशेतची, घरची भातशेती. त्यांच्याकडे वर म्हणजे डोंगराकडे आणि खाली म्हणजे समुद्राकडे. तिचा वरचा म्हणजे तलासरीचा. सहा वर्षं आम्ही दोघं 'वरचा' आणि 'खालचा' म्हणत होतो. चुकीचा अर्थ लागेल असं काम तोवर निघालं नव्हतं, एवढंच.

"सर, ऐकताय ना? राहू द्या, मीच उडवते इथून."

"सुनीता, थांब—"

फोन कट झाला. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिच्या टेबलापाशी मोबाइलला रेंज नसते, ती खिडकीशी येऊन बोलते. म्हणजे आता ती टेबलाकडे निघाली होती. डहाणूचं फोल्डर गेलं होतं. तलासरीचं एकमेव उरलं होतं, आणि ते उडवायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं.

सर्व्हरची लाइन मात्र चालू होती. मघाशी बंद केलेल्या दोन्ही काळ्या खिडक्या मी घाईत पुन्हा उघडल्या होत्या, आणि कुठली कुठे उघडली ते लक्षात नव्हतं. तलासरीच्या खिडकीत जाऊन फोल्डरचं नाव बदललं की तिचा हुकूम वाया जाणार होता. पण तलासरीची खिडकी कोणती? दोन्ही हुबेहूब सारख्या. दुसरा सर्व्हर मीच पहिल्याची नक्कल करून तयार केला होता, त्यामुळे दोघांचं नावही एकच पडलं होतं. नंतर बदलू म्हणून राहिलं ते राहिलंच. लॉगिन केल्यावर दोन्हीकडे स्वागताच्या त्याच इंग्रजी ओळी येत. त्या कोणी वाचत नसे.

बोट की-बोर्डवर होतं आणि दाबायची हिंमत होत नव्हती. दहा मिनिटांपूर्वी याच बोटाने मी चूक केली होती.

मग सुनीताचा आकडा आठवला. सत्त्याण्णव. डिस्क किती भरली हे विचारणारा हुकूम काही उडवत नाही, नुसतं सांगतो. तो दोन्ही खिडक्यांत टाकला. डावीकडे अडतीस टक्के, उजवीकडे सत्त्याण्णव. उजवीकडची तलासरी. फोल्डर अजून होतं. मी त्याचं नाव रोमन अक्षरांत 'हात लावू नका' असं केलं आणि एंटर दाबलं.

मिनिटाभराने फोन वाजला. "सर, कॅम्प नावाचं फोल्डरच नाही म्हणतंय. आपोआप गेलं की काय?"

"गेलं नाही. यादीत बघ, काय लिहिलंय?"

"हात लावू नका," ती म्हणाली. "हे मला आहे का?"

"दोघांना आहे."

नंतर मोजायला बसलो. तलासरीच्या फोल्डरमध्ये पाचशे शहाऐंशी रिपोर्ट होते. आगर गावच्या शिबिराचे सव्वीस तिकडे कॉपी व्हायचे राहिले होते. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप काढला, तो दोन महिने जुना निघाला. मला तो पंधरा दिवसांपूर्वीचा वाटत होता. मग आमच्या डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेलो.

"किती गेले?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस. आगरचे तेवढे रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेले आहेत. पुन्हा भरता येतील."

"आणि तलासरीचं गेलं असतं तर?"

"जुन्या बॅकअपवर चारशे दहा आहेत. दोनशे दोन गेले असते, त्यातले हे सव्वीस सोडले तर बाकीचे कायमचे."

"राऊत, ती माणसं मजुरी बुडवून आली होती. पोरं सुई बघून रडत होती. पुन्हा या म्हणून सांगायला तुम्ही गेला असता?"

मॅडमनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुनीता डहाणूला आली. ती वाचत होती, मी भरत होतो. मग मी वाचलं आणि तिने खुणा केल्या. सव्वीसच्या सव्वीस जुळले.

त्यानंतर मी स्वागताच्या इंग्रजी ओळी काढून टाकल्या. त्यांच्या जागी छोटा प्रोग्राम लिहिला. लॉगिन करताच वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, खाली डिस्क किती टक्के भरली आणि शेवटचा बॅकअप किती दिवसांपूर्वी झाला. डहाणूला छान चाललं. तीच फाइल तलासरीला टाकली, लॉगिन केलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'डहाणू' होतं. गावाचं नाव मी हाताने लिहिलं होतं आणि फाइलबरोबर ते जसंच्या तसं तिकडे गेलं होतं. सर्व्हरची नक्कल करताना जे केलं, तेच पुन्हा. आकडा मात्र त्याखाली सत्त्याण्णव होता. तेवढ्यावरून चूक कळली.

नाव माणूस लिहितो. टक्के मशीन त्या क्षणी मोजतं. मी आता आधी दुसरी ओळ वाचतो.

तलासरीला मोठी डिस्क बसली आहे. सुनीता अजूनही फोनवर "वरचा" म्हणते, सवय जात नाही. मी अर्थ विचारत नाही. "टक्के किती?" एवढंच विचारतो. ती आकडा सांगते, मी माझ्या खिडकीतला आकडा बघतो. जुळला तर बोट एंटरवर जातं, आणि तरीही तिथे जरा थांबतं.