आत्याबाईंचा बांध

माझ्या सासूबाई महादेवी, म्हणजे आमच्या आत्याबाई, शाळेत कधी गेल्या नाहीत, पण दिंद्रुडचं आमचं किराणा दुकान त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलं. बहात्तराव्या वर्षी गडबड सुरू झाली. वरणात दोनदा मीठ पडू लागलं. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग त्या गप्पच बसायच्या.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "विसरण्याची सुरुवात आहे. आत्तापासून सवयी बदलल्या तर ती रोखायला मदत होईल." त्यांनी माझ्या मोबाइलवर एक कार्यक्रम चालू करून दिला. रोज अर्धा तास चालायचं, रक्तदाब सांभाळायचा, डोक्याला चालना देणारे खेळ खेळायचे आणि दर गुरुवारी व्हिडिओवर दहा-बारा वयस्कर माणसांच्या बैठकीला बसायचं. वाचता येत नसलं तरी अडत नव्हतं. मोबाइल बोलून सांगायचा.

चित्रांचे खेळ आत्याबाईंना जमेनात. दोन आठवड्यांनी त्यांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला. "वर्षा, माझ्यानं न्हाई व्हायचं हे."

तरी तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना बसवलंच. बैठक घेणाऱ्या योगिताताई म्हणाल्या, "एका मिनिटात आठवतील तेवढ्या भाज्या सांगा." गेवराईचे निवृत्त मास्तर बारावर अडकले. मग आत्याबाईंची पाळी आली. मला धास्तीच वाटली.

त्यांनी डोळे मिटले. "माहेरच्या बांधावरनं निघते," म्हणाल्या. "तांदुळजा. पाथरी. घोळ. चिगळ. कुंजीर. कुर्डू. तरोटा..." मध्येच म्हणाल्या, "आता हिरीपशी आले," आणि चुका, चाकवत, शेपू, अंबाडी सुरू झालं. मी बोटांवर मोजत होते, चोविसाला चुकले. मिनिट संपल्याची घंटी वाजली, पण कुणीच त्यांना थांबवलं नाही. या बाईला मी रोज लहान लेकराला विचारावं तसं सगळं विचारत होते, आणि तिच्या आत अख्खं शिवार जागच्या जागी उभं होतं.

"यातल्या निम्म्या मी पाहिल्याही नाहीत, आई," योगिताताई हळूच म्हणाल्या.

"मंग दाखवते की."

तेव्हापासून त्या चालायला गेल्या की एखादी रानभाजी खुडून आणायच्या आणि गुरुवारी सगळ्यांना दाखवायच्या. मास्तर नावं वहीत लिहून घेऊ लागले. वर्षभरानं पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "आहे तिथंच थांबलंय. या वयात ही खूप मोठी गोष्ट आहे."

आता मीही त्यांच्यासोबत चालते. त्या पुढे, मी मागे. पंधरा वर्षं याच वाटेनं येते-जाते, आणि मला नुसतं गवत दिसत होतं.