सबंध माशाचं वजन

“कशासकट?” चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे. कुणीही, कशाचंही वजन सांगो. माझ्या नवजात मुलाचं वजन मी कौतुकानं सांगितलं, तेव्हाही त्यांनी विचारलं, “कशासकट? दुपट्यासकट?” असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल.

कलकत्त्याच्या आमच्या सरकारी कचेरीत ते आणि मी, दोघेच मराठी. काम मासळीच्या आकड्यांचं आणि हे पुण्याचे पक्के शाकाहारी. मासा त्यांनी पाहिला तो फक्त रकान्यात. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मोठ्या साहेबांनी त्यांना एक तक्ता करायला सांगितला : नदी-समुद्रात पकडलेल्या सॅमन आणि ट्राउट माशांत कुठला देश पुढे? वरची एक जागा रिकामी होत होती. तक्ता वेळेवर गेला तर ती जागा त्यांची, नाहीतर बदली. मुलीची शाळा चालू असताना शहराच्या बेहाला भागातलं बिऱ्हाड मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

घोडं अडलं वजनापाशी. एक देश सबंध मासा तोलायचा, दुसरा डोकं-पोट काढून, तिसरा नुसते डबे मोजायचा. डोकं-पोट काढल्यावर वजन किती घटतं, ते स्वतः तोलून पाहिल्याशिवाय हे लिहिणार नव्हते. सॅमन कलकत्त्यात कुठला? पण बंगाल्यांचा लाडका इलिश मासाही समुद्रातून नदीत चढतो, म्हणून त्याच्यावर भागवायचं ठरलं.

मराठ्यांच्या धास्तीनं इंग्रजांनी ज्या बागबाजारापासून एकेकाळी खंदक खणला, तिथल्या मासळीबाजारात हा मराठी गडी नाकाला रुमाल लावून शिरला. मागून मी, पिशवी घेऊन. इलिश तोलला. मग मोडक्या बंगालीत त्यांनी मासेवालीला डोकं आणि पोटातलं सगळं टाकून द्यायला सांगितलं. तिची विळी थांबली.

“माथाटा फेले देबेन?” डोकं फेकून देणार? आम्ही पोटचं पोर टाकायला निघालो असल्यासारखं तिनं विचारलं.

भोवती गर्दी जमली. एका म्हाताऱ्यानं डोकं कुठल्या भाजीत घालायचं ते समजावलं, दुसऱ्यानं गाबोळी कशी तळायची ते. शेवटी बाईनं खवले तेवढे फेकले आणि बाकी सगळं आमच्या पिशवीत कोंबलं. पुन्हा तोललं तर वजन जवळजवळ तेवढंच. त्यांनी ते इमानानं वहीत लिहिलं. माशाचं पुढे आमच्या हेडक्लार्कच्या घरी सोनं झालं.

तक्त्याखाली त्यांनी टीप लिहिली : मापं वेगवेगळी असल्यानं या देशांची तुलना करता येत नाही. साहेब म्हणाले, टीप काढा, पहिला नंबर लिहा. हे आठ दिवस रोज नाही म्हणाले. मग तक्ता माझ्याकडे आला. मी दुपारच्या चहाआधी टीप खोडली, पहिला देश ठरवला आणि सही ठोकली. जागा मला मिळाली, त्यांना नागपूर.

हावड्याला पोचवायला गेलो तो मान खाली घालूनच. गाडीच्या खिडकीतून त्यांनी माझा हात धरला.

“मला काही जमलं नाही. तुम्ही सही केलीत, म्हणजे तुम्ही कुठंतरी तोलून पाहिलं असणार. बरं झालं.”

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मी हो म्हणालो. गाडी सुटली, पुढे कधी भेट झाली नाही, आणि त्या ‘हो’ची लाज मला अजून वाटते.