झाशीचे पहिले दहा

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दहा माणसं रोज संध्याकाळी एकाच खोलीत बसायला लागली, आणि त्या दहाही जणांना आपणच तेवढे शहाणे असं वाटत असलं, की ते आपोआप साठतात. आमच्याकडे इतके साठलेत की कोणता आधी घडला आणि कोणता नंतर, यावरूनही भांडणं होतात. मी सांगतोय तो क्रम माझा.

खोली म्हणजे लक्ष्मी गेटजवळ, बांगड्यांच्या दुकानावरचं गेमिंग पार्लर. चार टीव्ही, आठ खुर्च्या, भिंतीला लागून एक लांब बाक. मालक कल्लू भैया. तिथे फक्त फाइटिंग गेम चालतो. पडद्यावर दोन लढवय्ये, दोघा खेळणाऱ्यांच्या हातात एकेक कंट्रोलर. ज्याच्या लढवय्याचा जीव आधी संपला तो राउंड हरला. तीन राउंड घेतले की मॅच.

येणारे सगळे पोरसवदा असतात असं समजू नका. मी सिविल लाइंसमध्ये क्लार्क आहे, दोन मुलींचा बाप आहे, आणि ऑफिस सुटलं की घरी जायच्या आधी तासभर तिथे असतो. माझा चुलतभाऊ दिगंबर, म्हणजे दिगू, कोचिंगमध्ये गणित शिकवतो. त्याला खेळण्यापेक्षा खेळणाऱ्यांना नंबर देण्यात जास्त रस. सगळे किस्से तिथूनच सुरू होतात.

*

एकदा बाकावर वाद पेटला की जगात सर्वांत चांगला खेळाडू कोण. एकाचं म्हणणं जपानी, दुसऱ्याचं म्हणणं कोरियन. दोघांनीही व्हिडिओ सोडून काही पाहिलेलं नव्हतं. ओरछ्याला येणारे परदेशी पाहुणे सोडले तर परदेशी माणूसही पाहिलेला नव्हता. तरी वाद असा, की जणू दोघांनीही त्यांच्याकडून मार खाल्लाय.

दिगूने दोघांना गप्प केलं. जगाचं नंतर बघू, आधी झाशीचं ठरवू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोचिंगमधला एक जुना पांढरा फळा घेऊन आला, भिंतीला टांगला आणि वर लिहिलं: ‘झांसी टॉप टेन’. पहिला पुष्पेंद्र. दुसरा संदीप. तिसरा बबलू. चौथा दिगू स्वतः. पाचवा मी.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला महिन्यात एक मॅच जिंकता येत नाही, तू चौथा कसा?

तो शांतपणे म्हणाला, “पहिल्या तिनात स्वतःला घातलं तर लोक हसतात. चौथ्यावर कोणी हसत नाही.”

आणि खरंच कोणी हसलं नाही. मी पाचव्यावर खूश होतो, त्यामुळे मीही नाही.

*

तिसऱ्या नंबरचा बबलू दोन वर्षांपूर्वीच सुरतेला नोकरीला गेलेला. तो फळ्यावर कसा, असं कोणीतरी विचारलं. दिगूने गणिताच्या मास्तरासारखा हिशोब समजावला. नंबर खाली येतो तो हरल्यावर. बबलू दोन वर्षांत एकदाही हरलेला नाही.

हे ऐकून संदीपच्या डोक्यात प्रकाश पडला. तो दुसऱ्या नंबरवर होता. त्या दिवसापासून त्याने कंट्रोलरला हात लावणं सोडलं. कधी मनगट दुखतंय, कधी डोळे चुरचुरतायत. पुष्पेंद्रला ते कळायला आठवडा लागला, मग त्याचंही मनगट दुखायला लागलं. मीही मनगट धरून बसलो होतो, कबूल करतो.

महिन्याभरात अशी अवस्था आली की पहिल्या पाचातले आम्ही चौघं बाकावर बसून सल्ले देतोय, आणि खुर्च्यांवर फक्त सहा ते दहा. कल्लू भैया एकदा वर आले, बाकाकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं आणि दिगूला म्हणाले, “मास्टरजी, एक काम करो. सबको नंबर वन बना दो, तो मैं दुकान बंद करके घर जाऊँ.”

*

पुष्पेंद्र हा आमचा नंबर वन. स्वतःचा कंट्रोलर मखमली पिशवीतून आणायचा आणि खेळण्याआधी कपाळाला लावायचा.

एकदा कानपूरचा एक औषध कंपनीचा माणूस वर आला. गाडीला तीन तास होते, बॅग पायाशी ठेवली आणि विचारलं, कोणी खेळेल का. पाहुण्यासमोर मनगट दुखवता येईना, म्हणून पुष्पेंद्र बसला आणि हरला. मग खिडकीतून टीव्हीवर उजेड येतो म्हणाला. खिडकी बंद केली. हरला. पंख्याचा आवाज येतो म्हणाला. पंखा बंद केला. जूनचा महिना, आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि तो हरतोय. सातव्या मॅचनंतर त्याने पाहुण्याला विचारलं की तुमच्याकडे कानपूरला बटणं वेगळी असतात का. पाहुणा घड्याळाकडे बघत हसला, बॅग उचलली आणि गेला.

आता नंबर वन कोण? सगळे दिगूकडे बघायला लागले. दिगूने निर्णय दिला की बाहेरच्या माणसाशी झालेली मॅच धरायची नाही.

संदीपने आठवण करून दिली की मागच्या महिन्यात पुष्पेंद्रने मध्य प्रदेशातल्या दतियाच्या एकाला हरवलं होतं, ती तर धरली.

“दतिया बाहेर थोडंच आहे,” दिगू म्हणाला.

*

याच पुष्पेंद्रचं लग्न ठरत होतं. मुलगी उरईची. मध्यस्थाने मुलाचे गुण सांगताना सांगून टाकलं की मुलगा फाइटिंगमध्ये झाशीत एक नंबर आहे. मुलीचे वडील तरुणपणी अखाड्यातले. त्यांना आनंद झाला. काही न कळवता ते मुलाला बघायला थेट पार्लरमध्ये आले, कारण मध्यस्थाने सांगितलं की तो संध्याकाळी तिथेच लढतो.

जिना चढून आले ते दारातच थांबले. आत चार टीव्ही आणि बाकावर चार माणसं मनगटं धरून. विचारलं, पुष्पेंद्र कोण? पुष्पेंद्र उभा राहिला. शर्टाच्या आत माणूस आहे की हँगर, असा प्रश्न पडावा अशी त्याची प्रकृती. म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याचा दंड धरला, जरा दाबून पाहिला आणि सोडून दिला.

“लड़ते काहे से हो, बेटा?”

पुष्पेंद्र बिचारा प्रामाणिक. त्याने दोन्ही अंगठे वर करून दाखवले.

लग्न झालं, तेही याच मुलीशी. पण सासरा आजही जावयाशी हात मिळवताना आधी अंगठे बघतो.

*

आता घनश्यामबद्दल. ओरछा गेटला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वय चाळिशीच्या पुढे, नाकावर चष्मा, बोलणं जेमतेम. दुकान बंद करून यायचा, खुर्चीत बसायचा, समोर येईल त्याच्याशी खेळायचा आणि जिंकायचा. कपाळाला काही लावायचा नाही. जिंकल्यावर ओरडायचा नाही, हरणाऱ्याला कंट्रोलर पुसून द्यायचा. फळ्यावर तो आठवा.

पार्लरमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच, मी आणि दिगू. आमची मराठी घरातली, निम्मी हिंदीत भिजलेली, पण लोकांसमोर लोकांबद्दल बोलायला फार सोयीची. ग्वाल्हेरला स्पर्धा होती आणि टीम निवडायची होती. घनश्याम तिथेच खेळत बसलेला. मी दिगूला मराठीत म्हटलं, याला घ्यायला हवं रे. दिगू मराठीतच म्हणाला, “छे, जिंकतो, पण त्याच्या खेळात काही राम नाही.”

घनश्यामने पडद्यावरची नजर हलवली नाही. एक लाथ मारली, राउंड घेतला आणि म्हणाला, “भैया, राम तो समझ में आ गया। बाकी क्या बोले?”

दिगूने त्याला हिंदीत सांगितलं की टीम नंबराप्रमाणे जाते, पहिले पाच. बबलू सुरतेला, म्हणून सहावा जाईल. घनश्याम म्हणाला, हओ. बुंदेली माणसाचा ‘हओ’ म्हणजे ‘बरं’. त्यात राग आहे की नाही ते कधीच कळत नाही.

त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की माझ्या जागी याला न्या. मी म्हटलं नाही. घरी मुलींना सांगून झालं होतं की बाबा टीममध्ये आहेत.

*

ग्वाल्हेरला आम्ही पाच जण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून गेलो. पाठीवर ‘झांसी’ आणि खाली आपापला नंबर. गाडीत चढलो तर खिडकीशी घनश्याम बसलेला, स्वतःचं तिकीट काढून, मांडीवर पुरी-भाजीचा डबा. टीमशिवाय एकट्याने उतरायचीही वेगळी स्पर्धा होती, तिच्यात त्याने नाव दिलं होतं. त्याने आम्हाला पुऱ्या दिल्या. आम्ही खाल्ल्या.

टीमची स्पर्धा आमच्यासाठी पहिल्याच फेरीत संपली. पुष्पेंद्र हरला, उजेडामुळे. संदीप हरला, त्याचं मनगट तेव्हा मात्र खरंच दुखलं, इतक्या महिन्यांनी वापरल्यावर दुसरं काय होणार. तिसऱ्या पाळीला बबलूच्या जागी दिगूने मला उतरवलं. माझा प्रतिस्पर्धी हॉस्टेलमधला मुलगा होता. माझ्याशी खेळताना तो शेजाऱ्याला परीक्षेतलं काहीतरी समजावत होता, आणि माझी मॅच संपली तरी त्याचं वाक्य संपलं नव्हतं. दिगू खेळलाच नाही. चौथ्याची पाळी येईपर्यंत निकाल लागून गेला होता. मला आजही वाटतं, चौथा नंबर त्याने यासाठीच घेतला असावा.

मग आम्ही पाच जण, पाठीवर आमचे नंबर घेऊन, भिंतीशी उभे राहून आठव्याला बघत होतो. घनश्याम एकामागून एक घेत गेला. फायनलला एका राउंडने हरला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि तो चष्मा पुसत होता. मला टाळ्या वाजवताना माझ्या टी-शर्टची लाज वाटली, म्हणून मी वरून जॅकेट घातलं.

परतीच्या गाडीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, दिगू, आता तरी फळा बदल. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ग्वाल्हेरचं ग्वाल्हेरला.”

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी घनश्यामला म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. तो म्हणाला, “रहने दीजिए भैया। आठवें से सब खेल लेते हैं। पहले वाले से कौन खेलता है?”

समोर पुष्पेंद्र बसला होता. त्याने मखमली पिशवीची नाडी घट्ट केली.

*

शेवटचा किस्सा मे महिन्यातला. रविवारची दुपार, बाहेर लूच्या गरम झळा चाललेल्या. पार्लरमध्ये आम्ही तिघेच: मी, दिगू आणि घनश्याम. मी चहा पीत होतो. घनश्यामच्या शेजारची खुर्ची रिकामी. तो दिगूला म्हणाला, मास्टरजी, आप ही आ जाइए.

दिगूने इकडे तिकडे बघितलं. बसायला दुसरं कोणीच नव्हतं. बसला. तीन राउंड, तीनही गेले, एकूण दोन मिनिटं. मला वाटलं आता खिडकी, पंखा, मनगट निघणार. काही निघालं नाही. तो उठला, पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. पुन्हा तीन गेले.

दुसऱ्या दिवशी कोचिंग सुटल्यावर तो आला तो थेट खुर्चीत. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर रोज हरला. घनश्यामने त्याला एकदाही सूट दिली नाही आणि एकदाही नको म्हटलं नाही. दिगूच्या डाव्या अंगठ्यावर फोड आला, त्याच्यावर पट्टी आली, पट्टीखालून पुन्हा फोड आला. फळ्याकडे त्याने महिनाभर बघितलं नाही. मीही त्याला टोमणे मारणं सोडलं होतं, का ते सांगता येणार नाही.

जूनमधल्या एका रविवारी दोघांच्याही लढवय्यांचा जीव दोऱ्याइतका उरला होता. घनश्यामने उडी घेतली. दिगू खाली बसला आणि खालूनच लाथ मारली. पडद्यावर घनश्यामचा माणूस आडवा झाला.

घनश्यामने कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हओ,” म्हणाला, “ये वाला आपका.”

मग पुढचे राउंड घेऊन त्याने मॅच जिंकली. पण दिगूला ते दिसलंही नसावं. तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. आमच्या घरी आला, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात माझ्या आईसमोर जाऊन उभा राहिला.

“काकू, मी आज एक राउंड जिंकलो.”

आईला राउंड म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिने डबा उघडून त्याच्या हातावर साखर ठेवली. मग विचारलं, ज्याला हरवलंस तो चांगला खेळतो का रे?

“काकू,” दिगू म्हणाला, “अख्ख्या झाशीत त्याच्या तोडीचा कोणी नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पार्लरमध्ये गेलो. फळा पुसून नव्याने लिहिलेला होता. पहिला घनश्याम. दुसरा पुष्पेंद्र. तिसरा संदीप. दोन वर्षं न हरलेला बबलू यादीत कुठेच नव्हता.

दिगू चौथाच होता.